घरी हाताने पोकळ बॉडीची इलेक्ट्रिक गिटार करायची आहे, आधी काय ठरवू?

पोकळ_खोका

नमस्कार मंडळी. सॉलिड बॉडीची एक गिटार मी घरी केली आहे. बोल्टने जोडलेली मान, दोन हंबकर (दुहेरी गुंडाळीचे पिकअप), बाकी सगळं साधं. ती रोज हातात असते. आता पोकळ बॉडीची करायची मनात आहे. खालच्या फुगवट्यापाशी १६ इंच रुंद, एफ आकाराची भोकं, एका बाजूला कटअवे (मानेपाशी हात पोचावा म्हणून बॉडीत घेतलेला काप), मानेजवळ एक आणि ब्रिजजवळ एक पिकअप (तारांचं कंपन ॲम्पकडे पाठवणारा भाग). रंधे, पटाश्या, स्क्रेपर, हातात धरायचा राउटर आणि भरपूर क्लॅम्प आहेत. बँडसॉ नाही.

जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. टॉप स्प्रूसच्या जाड फळीतून कोरून काढू, की पातळ थर चिकटवून साच्यात दाबू? आत मधोमध लाकडाचा ठोकळा घालतात तो घालू, की पूर्ण पोकळ ठेवू? मानेला मागे कोन द्यावा लागतो म्हणतात. तो किती, आणि ठरवायचा कसा? माझ्या बँडमध्ये ड्रम आणि बास दोन्ही आहेत, त्यामुळे फीडबॅकची (ॲम्पच्या आवाजाने गिटार आपोआप घुमण्याची) धास्ती आहे. पण ॲम्प बंद असतानाही हातात घेऊन वाजवावीशी वाटेल अशी गिटार हवी, हेही तितकंच खरं.

रंध्याची_धार

तुमचे सगळे प्रश्न एकाच प्रश्नाच्या पोटात आहेत: ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागाच्या, खाली काय असणार? मी गिटारींची दुरुस्ती करते. पोकळ बॉडीच्या ज्या गिटारी बिघडून येतात, त्यातल्या बऱ्याच इथेच बिघडलेल्या असतात. टॉप (बॉडीची पुढची पाटी) खचलेला, आतली ब्रेस (टॉपला आधार देणारी पट्टी) सुटलेली, ब्रिज शेवटच्या आट्यापर्यंत उचललेला. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी एवढं एक ठरवा. बाकीचं बरंचसं त्यावरून ठरत जातं.

आधी जोर किती येतो ते बघा. सगळ्यात बारीक तार ०.०११ इंचाची असलेला तारांचा संच सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण ५० किलोच्या आसपास जातो. तारा ब्रिजवरून टेलपीसकडे (तारांची टोकं धरणाऱ्या भागाकडे) खाली वळतात. हे वळण १२ अंशांचं असेल तर ब्रिज टॉपवर साधारण साडेदहा किलोंनी दाबतो. वळण १६ अंशांचं केलंत तर तोच दाब १४ किलोंच्या घरात जातो. हा दाब रात्रंदिवस असतो, गिटार खुंटीला टांगलेली असली तरी.

तो कसा पेलायचा याची उत्तरं कारखान्यांनी वेगवेगळी दिली. गिब्सनची १९३६ ची ईएस-१५० ही कोरलेल्या स्प्रूस टॉपची गिटार. तिच्या पिकअपची जड चुंबकं टॉपच्या खाली तीन स्क्रूंवर लटकवलेली असत. १९४९ च्या ईएस-१७५ ला त्यांनी कोरीव टॉपऐवजी थर दाबून केलेला टॉप दिला. असा टॉप कमी थरथरतो, त्यामुळे ॲम्पचा आवाज वाढवायला थोडी जास्त मोकळीक मिळते. ग्रेचने १९५० च्या दशकाच्या शेवटी टॉपपासून बॅकपर्यंत (मागच्या पाटीपर्यंत) पोचणारे लाकडी पाय देऊन दोन्ही पाट्या एकमेकींना बांधल्या. आणि १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये मधोमध मेपलचा ठोकळाच आला: दोन्ही अंगं पोकळ, बॉडी जेमतेम पावणेदोन इंच जाड. पुढच्या वर्षी आलेली ईएस-३३० बाहेरून अगदी तिची बहीण, पण आत ठोकळा नाही. या दोघी एकाच ॲम्पवर, एकापाठोपाठ एक वाजवायला मिळाल्या तर संधी सोडू नका. ब्रिजखालच्या लाकडाने काय होतं ते तेव्हा कानाला थेट कळतं.

तुम्ही ड्रमसोबत वाजवता, म्हणून माझं स्पष्ट मत: ठोकळा घाला. मात्र मानेपासून टेलपीसपर्यंत सलग आणि जड मेपलचा नको. स्प्रूसचा घ्या, ब्रिजच्या खाली तेवढाच, टॉप आणि बॅक दोन्हींना टेकलेला. साधारण ५० मिमी रुंद, ८० मिमी लांब. ॲम्पच्या आवाजाने सगळ्यात जास्त हलणारी जागा नेमकी हीच असते, ती धरली जाते. दोन्ही अंगं मोकळी राहतात, त्यामुळे ॲम्प बंद करून वाजवली तरी आवाजात जीव राहतो. वर ते साडेदहा किलो थेट बॅकवर उतरतात आणि टॉप खचायची काळजी बरीच मिटते.

आणि असा ठोकळा घालणार असाल तर कोरीव टॉपच्या मागे लागू नका. टॉप मोकळेपणाने हलावा म्हणून तर तो इतक्या निगुतीने कोरायचा असतो. त्याला मधोमध टेकू दिला की त्यातली निम्मी मेहनत वाया. तीन थरांचा टॉप करा. प्रत्येक थर दीड मिमीचा, मधल्याचे रेषे आडवे. घरी दाबायला व्हॅक्यूम बॅग उत्तम. टॉपचं क्षेत्रफळ सुमारे १४०० चौरस सेंमी असतं आणि हवेचा दाब दर चौरस सेंमीला साधारण एक किलो. पंपाने त्यातला ८० टक्के मिळवला तरी हजार किलोंच्या वर जोर, तोही सगळीकडे सारखा. इतका सारखा जोर क्लॅम्पांनी देणं फार कठीण. साचा मात्र कडेपाशी हळूच चढणारा ठेवा. चढ एकदम दिलात तर थरांना काठावर सुरकुती पडते आणि ती नंतर कशानेच जात नाही. गोंद लावायच्या आधी थर किंचित ओलसर करून साच्यावर नुसते दाबून वाळू द्या. आकार अर्धाअधिक तिथेच बसतो.

तापलेली_नळी

वरचं पटलं. बाजूच्या पट्ट्यांबद्दल मी लिहितो, कारण पहिल्यांदा करणारा माणूस सगळ्यात जास्त तिथेच अडतो.

मेपलची पट्टी २ मिमी जाड. लाटा असलेलं, नक्षीदार मेपल असेल तर १.८ पर्यंत उतरवा. त्यात रेषे सतत दिशा बदलतात आणि पट्टी वाकण्याऐवजी तडकते. पट्टी वाकवायची धातूची नळी १५० अंशांच्या आसपास तापलेली हवी. पाण्याचा थेंब टाकला तर तो बसू नये, उड्या मारत निघून जावा. पट्टी थोडी भिजवा, फार नको. मग नळीवर टेकवून हलका दाब ठेवा आणि थांबा. सगळं कसब या थांबण्यात आहे. काही सेकंद लाकूड हाताला ताठ लागतं, जोर लावायचा मोह होतो. मग आतली वाफ पोचते आणि पट्टी हाताखाली एकदम सैल पडते. ते सैल पडणं बोटांना जाणवलं की तेवढंच वाकवा, पुढे सरका. बाहेरच्या अंगाला पातळ पत्र्याची पट्टी धरलीत तर तडा जाण्याची शक्यता खूप कमी होते.

कटअवे टोकदार ठेवा. गोल कटअवेमध्ये पट्टी लहान त्रिज्येत उलटसुलट वळवावी लागते. टोकदार असेल तर तिथे आतून ठोकळा बसवून दोन पट्ट्या टोकावर जोडता येतात, आणि दोन्हींचं वळण सौम्य राहतं. ईएस-१७५ चा कटअवे असाच टोकदार आहे.

वाकवणंच नको असेल तर आणखी एक रस्ता आहे. रिकनबॅकर त्यांच्या पोकळ गिटारी जाड लाकूड मागच्या बाजूने कोरून करतात आणि मग बॅक चिकटवतात. तुमच्याकडे राउटर आहे. त्या पद्धतीत ब्रिजखालचा ठोकळा वेगळा बसवायचीही गरज नाही, तो जागेवरच सोडून द्यायचा. फुगीर टॉप मात्र मिळत नाही.

मूळ_स्वर

थोडा वेगळा सूर लावतो. पन्नास वेळा विचार करून पोकळ गिटार करायला घेतलीच आहे, तर ती खरोखर पोकळ करा. स्प्रूसचा टॉप कोरा: मधे सहा-साडेसहा मिमी, काठाजवळच्या पन्हळीत साडेतीन, आत दोन समांतर ब्रेस. पिकअप टॉपला भोक पाडून बसवू नका. मानेच्या टोकाला किंवा पिकगार्डला लटकता ठेवा. टॉपला भोक पाडलं की तिथले रेषे तुटतात आणि पिकअपचं वजन टॉपवर बसतं. कोरताना पाटी उजेडासमोर धरून आणि कॅलिपरने मोजून जा, शेवटचा अर्धा मिमी स्क्रेपरने काढा, आणि अधूनमधून बोटाच्या पेराने टकटक करून ऐका. ठक्क असा बंद आवाज हळूहळू खुलत जातो. हा अनुभव थर दाबलेल्या टॉपमध्ये नाही.

रंध्याची_धार

@मूळ_स्वर, तुम्ही वर्णन केलीत तशी गिटार मला मनापासून आवडते, आणि लहान जागेत, शांत वाद्यांसोबत वाजवणाऱ्याला मी तीच करायला सांगेन. पण प्रश्न विचारणाऱ्याला दोन पिकअप हवेत आणि शेजारी ड्रम आहे. त्या आवाजात मोकळा स्प्रूस टॉप खालच्या सुरांना घुमायला लागतो आणि मग वाजवणारा निम्मा वेळ ॲम्पपासून लांब उभं राहण्यात घालवतो. वाद्य वाजवणाऱ्याच्या जागेला साजेसं असलं पाहिजे.

सोल्डरचा_धूर

वायरिंगबद्दल. पोकळ बॉडीत मागे झाकण नसतं, त्यामुळे सगळं एफ-भोकातून किंवा पिकअपच्या भोकातून आत जातं. याचा विचार भोकं कापायच्या आधी करा. नेहमीच्या पॉटचा (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागाचा) व्यास २४ मिमी असतो. तो एफ-भोकातून जात नसेल तर १६ मिमीचे छोटे पॉट घ्या. ठोकळा घालताय, तर ब्रिज पिकअपच्या भोकातून बाजूच्या पोकळीत जायला वाट उरते का तेही बघा. उरत नसेल तर ठोकळ्याला आधीच खाच पाडून ठेवा.

टॉपवरच्या भोकांच्या जागा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या आणि पूर्ण वायरिंग त्या पुठ्ठ्यावर करा. हंबकरना ५०० किलो-ओहमचे पॉट, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सॉलिड बॉडीत आपण खाचेला तांब्याची पट्टी लावून गुणगुण अडवतो; इथे खाचच नाही, म्हणून बाहेरून तांब्याची वेणी असलेली वायर सगळीकडे वापरा. ब्रिज लाकडी असेल तर तारांचं अर्थिंग टेलपीसमधून घ्या. त्यासाठीची वायर टेलपीसच्या खाली आत सोडायची राहून जाते आणि गिटार बंद झाल्यावर आठवते.

सगळं ॲम्पला लावून तपासा, मगच आत घाला. आत घालायची युक्ती: प्रत्येक पॉटच्या दांड्यावर बसेल अशी लवचिक प्लास्टिकची नळी घ्या. ती टॉपच्या भोकातून आत सोडून एफ-भोकातून बाहेर काढा, दांड्यावर घट्ट चढवा, पॉट आत सरकवा आणि नळी वरून ओढा. दांडा आपोआप भोकातून वर येतो. तो हातात धरून वॉशर आणि नट नळीवरून ओवून खाली आणायचा, मग नळी काढायची. जॅक बाजूच्या पट्टीत बसवणार असाल तर आतून लाकडाचा तुकडा चिकटवा. २ मिमीची पट्टी केबलच्या एका हिसक्यात फुटते.

फीडबॅकसाठी एफ-भोकं बंद करून बघायचा उपाय नेहमीच हाताशी असतो. बी. बी. किंग भोकांत कापड कोंबत, आणि १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाचं लुसील मॉडेल काढलं त्याला एफ-भोकं ठेवलीच नाहीत. तुम्ही फोमचे तुकडे भोकाच्या आकारात कापून ठेवा. गरजेपुरते घालायचे, नंतर काढायचे.

पोकळ_खोका

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: तीन थरांचा टॉप, ब्रिजखाली स्प्रूसचा ठोकळा, टोकदार कटअवे, पट्ट्या नळीवर वाकवणार. स्केल (मानेच्या टोकाच्या नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) ६२८ मिमी, मान १४ व्या फ्रेटला बॉडीला मिळेल, फ्रेटबोर्ड ६ मिमी जाड. टेलपीस खालच्या टोकाला अडकवायचा.

आता मानेचा कोन. काही जण ३ अंश म्हणतात, काही ५. थोडाफार फरक राहिला तर ब्रिज वरखाली करून भागेल का? आणि टॉप आतून वाकडा असताना ठोकळा त्याला नीट टेकवायचा कसा?

रंध्याची_धार

कोन कुणाकडून घेऊ नका, तुमच्या गिटारीवरून काढा. मोठा कागद घ्या आणि गिटार बाजूने दिसते तशी पूर्ण आकारात काढा. सगळ्या उंच्या बाजूच्या पट्टीच्या वरच्या काठापासून मोजायच्या.

तुमच्या मापांवर हिशोब असा. नटपासून १४ वा फ्रेट ३४८ मिमीवर येतो, म्हणजे सांध्यापासून ब्रिज २८० मिमीवर. ब्रिजच्या जागी टॉपचा फुगवटा १६ मिमी आणि ब्रिजची उंची २२ मिमी धरू. तारा काठापासून ३८ मिमीवर आल्या. ब्रिजपाशी तारा फ्रेटांच्या पातळीपेक्षा साधारण ४ मिमी वर असतात. म्हणून फ्रेटांची रेषा पट्टीने पुढे ओढली तर ती ब्रिजच्या जागी ३४ मिमीवर यायला हवी. सांध्यापाशी फ्रेटांचे माथे काठापासून १८ मिमीवर ठेवले, तर २८० मिमीत १६ मिमीचा चढ. झाले सव्वातीन अंश. फुगवटा वाढवलात किंवा मान सांध्यापाशी खाली बसवलीत की कोन वाढतो, म्हणून कुणाचा ३ आणि कुणाचा ५.

ब्रिजवर निभावून नेता येईल का? नाही. एका अंशाची चूक २८० मिमीवर जवळपास ५ मिमी होते, आणि ब्रिजच्या चाकांचा सगळा खेळ जेमतेम तेवढाच असतो. तो खेळ पुढे ऋतूनुसार लाकूड फुगतं-आकसतं त्यासाठी राखून ठेवायचा असतो. कोन कमी पडलेली गिटार माझ्याकडे येते तेव्हा ब्रिज पूर्ण खाली बसलेला असतो आणि तारा तरीही फ्रेटांपासून उंच. मग मान उघडून पुन्हा बसवण्याशिवाय इलाज उरत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. खोका दोन्ही बाजूंनी बंद करा, काही दिवस स्थिरावू द्या, मग ब्रिजच्या जागची उंची प्रत्यक्ष मोजा. ती कागदावरच्यापेक्षा एखादा मिमी वेगळी निघते. मानेचा सांधा त्या मोजमापावर कापा. मान सुकीच बसवून फ्रेटबोर्डवर लांब सरळ पट्टी ठेवा आणि ब्रिजच्या जागी तिची उंची बघा. फ्रेट अजून ठोकलेले नसतील तर पट्टी फ्रेटांच्या उंचीएवढी, सुमारे १ मिमी खाली धरली पाहिजे. सांध्याच्या टाचेवरून पटाशीने कागदाएवढी साल निघाली तरी पट्टीचं दुसरं टोक डोळ्याला दिसेल इतकं हलतं. दोन दोरे नटपासून टेलपीसपर्यंत पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी ताणून मान डावी-उजवीकडे झुकली नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या. ताणाखाली मान थोडी पुढे येते, त्यासाठी कोन पाव अंश जास्त ठेवलात तर चांगलं.

आता ठोकळा. इथे घाई करू नका, कारण ठोकळा नुसता जवळपास टेकलेला असेल तर ठराविक सुरांना तो खरखरतो, आणि खोका बंद झाल्यावर हात पोचत नाही. टॉपच्या आतल्या बाजूला, जिथे ठोकळा येणार तिथे खडू घासा. ठोकळा त्यावर दाबून किंचित सरकवा आणि उचला. जिथे पांढरं लागलं तो उंचवटा. तेवढाच लहान रंध्याने किंवा स्क्रेपरने उतरवा, पुन्हा खडू, पुन्हा दाबा. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात, मग डाग पसरत जातात, आणि शेवटी सगळा माथा सारखा पांढरा होतो. तेव्हा थांबा. चिकटवायच्या आधी खडू पूर्ण पुसून घ्या, नाहीतर गोंद धरणार नाही. ३३५ मध्ये मेपलचा ठोकळा आणि वाकडा टॉप यांच्यामध्ये कापे घेतलेल्या स्प्रूसच्या पट्ट्या भरून हाच प्रश्न सोडवला आहे. तो मार्गही चालेल, पण तुमचा ठोकळा लहान आहे, थेट बसवता येईल.

ठोकळा आधी टॉपला चिकटवा. बॅकच्या बाजूला तो अर्धा मिमी उंच ठेवा, आणि बॅक लावायच्या आधी तोच खडूचा प्रयोग तिथेही करा. रेषे उभे, टॉपपासून बॅककडे जाणारे ठेवलेत तर दाब नीट उतरतो आणि ठोकळा ऋतूनुसार कमीत कमी फुगतो.

पोकळ_खोका

हे फार उपयोगी आहे. शेवटचं एक: गोंद सगळीकडे एकच चालेल का?

रंध्याची_धार

थर, ठोकळा, ब्रेस आणि बाजूंना सुतारकामाचा चांगला पिवळा गोंद चालेल. थरांसाठी तो पातळ करू नका. जास्त पाण्याने थर लाटा धरतात.

मानेच्या सांध्याला मात्र प्राण्यांच्या कातड्याचा गरम सरस वापरा. ६० अंशांच्या आसपास तापवलेला, त्यावर नको. सांधाही आधी कोमट करून घ्या, म्हणजे तुम्ही मान बसवेपर्यंत सरस गोठत नाही. उष्णता आणि वाफ दिली की हा सांधा लाकूड न फाटता सुटतो. पोकळ गिटारीची मान तिच्या आयुष्यात कधीतरी उघडावी लागतेच, आणि तेव्हा ती उघडणारा तुम्ही असाल किंवा माझ्यासारखं कुणी.

फ्रेटबोर्डचा जो भाग टॉपवर पुढे येतो तो टॉपला चिकटवू नका. त्याच्याखाली थोडी फट राहू द्या.